वाचायची गोडी कशी लावलीत, असं तुम्ही विचारलंत म्हणून

आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, हे कळलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो. ‘मग ती वाचायला कशी शिकली?’ आणि पाठोपाठ, जरा दबक्या आवाजात, ‘आमची शाळेत जातात, तरी पुस्तक हातात धरत नाहीत. तुम्ही गोडी कशी लावलीत?’ दारात उभ्या उभ्या याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून आज जरा बैजवार सांगते.

होमस्कूलिंग सुरू केलं तेव्हा माझी अशी पक्की समजूत होती की घरात पुस्तकं असली, आईवडील वाचताना दिसले, की मूल बोलायला शिकतं तसंच वाचायलाही आपसूक शिकतं. थोरली सात वर्षांची झाली तरी तिची बाराखडी अर्धीमुर्धीच होती आणि मी ‘येईल हळूहळू’ म्हणत स्वस्थ होते. ती वाट पाहणं चुकलं, असं आज मी स्पष्ट म्हणते. बोलणं मूल नुसतं ऐकून उचलतं, लिपीचं तसं नाही. लिहिण्याची कला माणसाकडे आली त्याला जेमतेम ५००० वर्षं झाली आहेत, आणि प्रत्येक मुलाला ती नव्याने शिकावी लागते. काही मुलं स्वतःच उलगडा करून घेतात हे खरं, पण आपलं मूल त्यातलंच असेल असं धरून बसू नये.

मग आम्ही रोज सकाळी पंधरा मिनिटं फक्त अक्षरांना द्यायला लागलो. जाड कागदावर एकेक व्यंजन लिहिलं आणि पारदर्शक पट्ट्यांवर काना, मात्रा, वेलांट्या काढल्या. पट्टी अक्षरावर सरकवायची आणि आवाज कसा बदलतो ते म्हणायचं. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते पण तिचा उच्चार मात्र क नंतर होतो, यावर थोरली दोन दिवस अडली होती. ‘आधी लिहिलंय तर आधी का नाही म्हणायचं?’ तिचा मुद्दा बिनतोड होता. पट्टी हातात घेऊन स्वतः दहा वेळा सरकवली तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. रोज नेमाने शिकवूनही सात-आठ वर्षांच्या मुलाचं अक्षर आणि आवाज जुळत नसेल तर थांबू नका. डोळे आणि कान तपासून घ्या, आणि डिसलेक्सियाची, म्हणजे अक्षरं उलगडून वाचण्यात येणाऱ्या खास अडचणीची, तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. मूल आळशी नसतं, त्याला वेगळ्या रीतीने शिकवावं लागतं, आणि ते जितकं लवकर कळेल तितका त्याचा त्रास वाचतो.

पण अक्षरं आली म्हणजे अर्धंच काम झालं. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ साली फार सोप्या शब्दांत मांडलं होतं की वाचून समजणं हा एक गुणाकार आहे: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार, म्हणजे एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच. आपण सगळे पहिल्या बाजूची काळजी करतो, तिच्या परीक्षा घेतो. दुसरी बाजू कानांनी भरावी लागते, आणि ती भरायला मला एकच उपाय माहीत आहे. रोज मोठ्याने वाचून दाखवायचं.

मराठीत तर हे पदोपदी दिसतं. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ या शब्दांतला च लिहायला एकच, म्हणायला वेगळा. ‘चार’मधला निराळा आणि ‘चाक’मधला निराळा. कुठे कोणता, हे सांगणारी खूण आपल्या लिपीत नाही. ते ज्याने शब्द ऐकलेला आहे त्यालाच कळतं. आपण रोज बोलताना जी भाषा वापरतो तिच्यात मोजकेच शब्द फिरून फिरून येतात. अथांग, निबिड, तांडा, गलबत हे शब्द जेवणाच्या ताटावर कोणी उच्चारत नाही, ते पुस्तकातच भेटतात. म्हणून ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्याला तर जास्तच वाचून दाखवायला हवं.

धाकट्याचा एक प्रसंग सांगते. सहा वर्षांचा होता, बोट ठेवून ठेवून वाचत होता. वाक्य होतं, ‘जहाज दर्यात शिरलं.’ त्याने वाचलं, ‘जहाज दऱ्यात शिरलं.’ मी दुरुस्त करणार तोच त्याचं बोट थांबलं. ओठ हलले, आवाज नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘दऱ्या म्हणजे डोंगरातल्या ना? तिथे जहाज कसं जाईल?’ पुन्हा बोट मागे नेलं, य वरचा रफार निरखला आणि एकदम ओरडला, ‘दर्या! दर्या म्हणजे समुद्र! तू वाचलं होतंस!’ वाचलं होतं खरं, बरेच महिने आधी, एका लांबलचक सागरकथेत. तेव्हा तो जमिनीवर लोळत ठोकळे रचत होता आणि मला वाटलं होतं की याचं लक्षच नाही. तेव्हापासून ‘नीट बसून ऐक’ हे वाक्य मी सोडून दिलं. हात कामात असले तरी कान उघडे असतात.

वाचून झालं की प्रश्न विचारायचे नाहीत, असंही आम्ही ठरवलं. ‘नायकाचं नाव काय, बोध काय’ सुरू झालं की मूल गोष्टीतून बाहेर येतं. त्याऐवजी बाबा घरी आले की त्यांना कालपासूनची गोष्ट सांगायची. ज्याने खरंच ऐकलेलं नाही अशा माणसाला सांगताना मूल क्रम लावतं, शब्द शोधतं, विसरलेलं आठवतं. आमच्याकडे तोंडी परीक्षा म्हणाल तर एवढीच.

एक चूक मात्र मला अजून टोचते. थोरली नुकती सरसर वाचायला लागली होती. त्या उत्साहात मी भिंतीवर तक्ता लावला: एका पुस्तकाला एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की बक्षीस. पहिले दोन आठवडे चांदण्यांची रांग लागली. मग लक्षात आलं की ती पातळ पातळ पुस्तकं निवडते आहे आणि आवडीचं जाडजूड प्राण्यांचं पुस्तक आठवडाभर उघडलेलंच नाही. तक्ता काढला, तर म्हणाली, ‘मग आता कशाला वाचू?’ त्या वाक्याने माझ्या पोटात खड्डा पडला. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग मी नंतर वाचला. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगून प्रशस्तिपत्र दिलं. पुढे ती मुलं मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता, अचानक बक्षीस मिळालं त्यांची आवड मात्र टिकली. आम्हाला ती आवड परत यायला चार महिने लागले, आणि तीही प्राण्यांच्याच पुस्तकापासून.

बाकीचं शिकणंही वाचनालाच येऊन मिळतं, फक्त सुरुवात पुस्तकापासून व्हावी असा हट्ट नको. ‘चंद्र दिवसा का दिसतो?’ असं धाकट्याने विचारलं तेव्हा मी उत्तर दिलं नाही, वही दिली. चंद्र कधी उगवला ते रोज लिहायचं. रोज तो उशिराने येतोय, कधी पाऊण तासाने, कधी तासाभराने, हे त्याचं त्यालाच सापडलं. सरासरी सुमारे ५० मिनिटांचा फरक पडतो, हे पुस्तकात सापडलं तेव्हा त्याने ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. कठीण शब्द होते, पण उत्तर त्याला हवं होतं. वेळापत्रक काय, असं विचाराल तर सकाळी अक्षरं नाहीतर लेखन, रात्री वाचून दाखवणं, आणि मधला बराचसा वेळ मोकळा. कंटाळा आल्याशिवाय हात पुस्तकाकडे जात नाही, असा माझा अनुभव आहे.

‘स्वतः वाचता यायला लागल्यावर वाचून दाखवणं थांबवायचं का?’ हेही बरेचजण विचारतात. आम्ही थांबवलेलं नाही. मूल स्वतः वाचून जेवढं समजू शकतं त्याहून अवघड मजकूर त्याला ऐकून समजतो, आणि हे पुढे बरीच वर्षं खरं राहतं. थोरली आता तेरा वर्षांची आहे, माझ्याहून भरभर वाचते. रात्री मी धाकट्यासाठी पुस्तक उघडलं की ती चित्रांची वही घेऊन त्याच खोलीत येऊन बसते. परवा मी तिला विचारलं, ‘तुला अजून ऐकायचं असतं का गं?’ तिने मान वर केली नाही.

‘काल जहाज कुठवर आलं होतं?’ तिने विचारलं.