आमची वाटचाल: चिठ्ठीची पहिली ओळ

आमच्या दुकानात गणपतीच्या तसबिरीशेजारी एक जळका एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, ठेवलेला आहे. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, हे भंगार इथे कशाला? बायकोनेही दोन दिवाळ्यांना तो टाकायचा प्रयत्न केला. मी टाकू दिला नाही.

२०११ पर्यंत मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हार्डवेअर इंजिनिअर होतो. इंजिनिअर फक्त व्हिजिटिंग कार्डावर. काम म्हणजे ऑफिसांचे पीसी फॉरमॅट करायचे आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायचा. संध्याकाळी चरईतल्या घरी ओळखीपाळखीच्यांची मशीन जोडून द्यायचो. माल मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडचा. ठाण्याहून फास्ट पकडून दादर, पूल ओलांडून पश्चिमेची स्लो, कारण फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही. येताना कॅबिनेटचं खोकं घेऊन मालडब्यात. ज्याच्या खोक्याला बोंबलाचा वास येतो असा गेमिंग पीसी ठाण्यात बहुधा मीच पहिल्यांदा विकला असेन.

त्याच वर्षी नोकरी सोडली आणि पाचपाखाडीत एक छोटा गाळा भाड्याने घेतला. बायको टॅली शिकली, हिशेब तिच्याकडे. इंटेलचा आय५-२५००के प्रोसेसर तेव्हा नुकताच आला होता आणि पोरं त्याचं नाव एखाद्या बॅट्समनसारखं घ्यायची. धंदा बरा चालेल असं वाटत होतं.

मग २०१२ चा मे. नौपाड्यातल्या एका मुलाचं मशीन, बारावी झाल्याबद्दल वडिलांनी घेऊन दिलेलं. बजेट ३५ हजार. त्याला ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारा भाग, मोठं हवं होतं, म्हणून मी इतर ठिकाणी काटकसर केली आणि सहाशे रुपयांचा एसएमपीएस बसवला. लेबलवर ठळक ५०० वॅट. तीन आठवड्यांनी रात्री फोन : “दादा, फट् असा आवाज आला आणि वास सुटलाय.” एसएमपीएस एकटा गेला नाही, जाताना मदरबोर्ड आणि कार्ड घेऊन गेला. जळलेल्या मालाला वॉरंटी नाही, असं डीलरने सांगितलं. दोन्ही वस्तू मी खिशातून भरून दिल्या. त्या महिन्याचं गाळ्याचं भाडं बायकोच्या भिशीतून गेलं.

तो एसएमपीएस घरी आणून लेबल नीट वाचलं. खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टला १८ अँपिअर लिहिलं होतं. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर त्यांची जवळजवळ सगळी भूक या १२ व्होल्टच्या लाइनवरच भागवतात. वरचे ५०० म्हणजे नुसती शोभा. उघडून पाहिला तर जास्त लोड आला की बंद पडण्याची सोयही आत नव्हती. चौथीतल्या मुलाला येईल असा गुणाकार, मी तो विकण्याआधी केला नव्हता.

तेव्हापासून आम्ही कोटेशनची चिठ्ठी उलट्या क्रमाने लिहितो. पहिली ओळ एसएमपीएस. दुसरी मॉनिटर. मग कार्ड, मग प्रोसेसर, बाकीचं त्याखाली. दिव्यांचे पंखे सगळ्यात शेवटी, आणि बजेट ओलांडलं की पहिली काट त्यांच्यावर.

मॉनिटर दुसरा का, यावर काउंटरवर सगळ्यात जास्त वाद होतात. मुलगा यूट्यूब बघून प्रोसेसर ठरवून आलेला असतो, वडील खर्चाचा आकडा ठरवून. एफपीएस म्हणजे मशीन सेकंदाला गेमची किती चित्रं काढतं, आणि हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती दाखवू शकतो.

“काका, एफपीएस किती मिळतील?”

“मॉनिटर कुठला आहे घरी?”

“जुनाच आहे. साठ हर्ट्झ.”

“मग दीडशे मिळाले तरी बघणार कुठे?”

वडील इथे पहिल्यांदा माझ्याकडे आपुलकीने बघतात. पुढचं ऐकून ती थोडी कमी होते. १०८० पी पडद्यावर साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० पी वर ३६.९ लाख. हा वाढीव भार कार्डावर पडतो, प्रोसेसरवर फारसा नाही. म्हणून पडदा ठरल्याशिवाय कार्ड ठरवणं म्हणजे पाहुणे किती हे न विचारता भात लावणं. उलटंही होतं. गेल्या वर्षी एक जण आरटीएक्स ४०६० साठी ८५० वॅटचा एसएमपीएस मागत होता. ते कार्ड ११५ वॅटचं. चांगला ५५० वॅटचा दिला आणि उरलेले पैसे एसएसडीत, म्हणजे फायली साठवायच्या ड्राइव्हमध्ये, घालायला लावले. जास्त विकता आलं असतं, हे बायकोने त्या रात्री ऐकवलं.

२०१७ मध्ये एएमडीचा रायझन प्रोसेसर आला, त्याच वर्षी जुलैत जीएसटी. दोन्ही शिकायला साधारण सारखाच वेळ लागला. एएमडीने एकच सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, वर्षानुवर्षं चालवला, त्यामुळे २०१८ मध्ये बी४५० बोर्ड घेतलेली मुलं पुढे फक्त प्रोसेसर बदलायला यायची. मात्र बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट नसेल तर जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर सुरूच व्हायचा नाही. आधी तो बोर्ड सुरू करून अपडेट करायला ड्रॉवरमध्ये एक जुना प्रोसेसर कायम ठेवलेला असायचा, शेजारच्यांकडे विरजण मागावं तसे दुसरे दुकानदारही तो मागून न्यायचे. रायझन ५ २४००जी घेणाऱ्यांना मी रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन काड्याच घ्यायला लावायचो. त्यात ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असतं, ते रॅमवर जगतं, आणि एकच काडी लावली की गेम अडखळतो. “एक आठची नको, दोन चारच्या घ्या” हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की मुलगी माझी नक्कल करते.

लॉकडाऊननंतरचं दीड वर्ष कार्डांचा काळाबाजार होता. जगभर क्रिप्टोच्या मायनिंगला, म्हणजे गणितं सोडवून डिजिटल नाणी मिळवायला, कार्डं जात होती, आमच्यापर्यंत येईस्तोवर दर दुप्पट. त्या काळात मी लोकांना कार्ड घेऊच नका म्हणायचो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रायझन ५ ५६००जी आला, त्याच्याही आतच ग्राफिक्स असतं, तो बसवून द्यायचो आणि चिठ्ठीवर कार्डाची ओळ मोकळी ठेवायचो. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि वापरलेली कार्डं बाजारात येऊन पडली. ती मोकळी ओळ घेऊन बरेच जण परत आले. तोवर दुकान चाललं ते ऑनलाइन शाळांच्या लॅपटॉप दुरुस्तीवर.

तक्रारींचं एक वेगळं पुस्तक होईल. घोडबंदर रोडवरून एकाचा फोन : नवीन कार्ड खराब आहे, गेम रांगतोय. ट्रॅफिकमधून रात्री दहाला पोचलो. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावलेली. दोन मिनिटांचं काम, आणि घरच्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत दुसरीच गंमत : कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. मशीन चांगलं असतं, प्लगमध्ये अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडा करंट अर्थिंगकडे सोडतो, तिकडे वाट नसेल तर तो पत्र्यावर येऊन बसतो. आता डिलिव्हरीला जाताना टेस्टर नेतो आणि गरज असेल तर आधी वायरमन बोलवायला सांगतो. काहींना राग येतो, पीसीवाल्याने घरच्या वायरिंगवर का बोलावं म्हणून.

२०२५ च्या शेवटी रॅमचे दर असे चढले की कोटेशनवर ‘दर आजच्यापुरता’ असा शिक्काच करून घेतला. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी जातेय, म्हणतात. परवा कळव्याची एक मुलगी आली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची, ट्यूशन घेऊन साठवलेले पैसे. एसएमपीएस, मॉनिटर, कार्ड बसलं, प्रोसेसरही बसला, आणि रॅमपाशी गाडं अडलं. सोळाच्या दोन काड्या काही केल्या मावेनात.

“एकच घेतली तर?” तिने विचारलं.

मागे बसलेली बायको हिशेब सोडून माझ्याकडे बघायला लागली. कार्ड वेगळं आहे, त्याची स्वतःची मेमरी आहे, २४००जी इतकं नुकसान होणार नाही. थोडं होईल, तेवढं तिला सांगितलं. सोळाची एक काडी लिहिली आणि तिच्याखाली एक ओळ मोकळी सोडली.