बीपी वाढलेले असताना कमरेत सुई कशासाठी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ठाण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना थिएटरच्या दाराशी नातेवाईक हाच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, तिचं बीपी एवढं वाढलंय, मग सिझेरियनला पूर्ण भूलच का देत नाही?"

झोपवले की धोका टळतो, असा त्यामागचा समज असतो. प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढवणाऱ्या आजारात, मात्र बहुतेक वेळा पूर्ण भूलच अधिक जोखमीची ठरते. या आजारात हातापायांवर दिसणारी सूज घशात आणि स्वरयंत्राभोवतीही येऊ शकते, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते. शिवाय नळी घालताना रक्तदाब उसळतो, आणि आधीच १६०/११० च्या पुढे गेलेल्या रक्तदाबाची ती उसळी मेंदूत रक्तस्राव घडवू शकते. स्पायनलमध्ये, म्हणजे कमरेत सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर करणाऱ्या भुलीत, हे दोन्ही टळते. स्पायनलने अशा स्त्रियांचा रक्तदाब कोसळेल, ही जुनी भीती होती. प्रत्यक्षात तो निरोगी गरोदर स्त्रियांपेक्षा कमीच उतरतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

माझे लक्ष असते ते प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या, आकड्यावर. रक्त गोठत नसेल, तर सुईच्या जागी रक्त साचून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, आणि पायांतली ताकद कायमची जाऊ शकते. साधारण ७०,००० च्या वर, इतर दोष नसल्यास, आम्ही स्पायनल देतो. पण एकट्या आकड्यापेक्षा तो किती वेगाने घसरतो आहे, हे अधिक महत्त्वाचे. एका पावसाळी रात्री आलेल्या बाईंचा सकाळचा आकडा १,४०,००० होता आणि संध्याकाळचा ८२,०००. हिरव्या चुड्याखाली मनगट इतके सुजले होते की बांगडी फिरत नव्हती. मी त्यांना तोंड उघडायला लावले, आवाज घोगरा झाला आहे का ते ऐकले, हिरड्यांतून रक्त येते का ते विचारले आणि पुन्हा रक्त तपासायला पाठवले. आकडा ८०,००० वर थांबलेला आणि गोठण्याची तपासणी ठीक, हे कळल्यावरच बारीक सुईने स्पायनल दिले. आकडा आणखी घसरला असता, तर आधी लॅबेटालॉलने रक्तदाब आवरून पूर्ण भूलच द्यावी लागली असती, आणि झटके रोखणारे मॅग्नेशियम चालू असल्याने स्नायू शिथिल करणारे औषध मोजूनमापून द्यावे लागले असते.

बाळ रडले तेव्हा त्या जाग्या होत्या. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम मात्र पुढचे २४ तास चालूच ठेवले.