कारखाना आणा, पण आधी मीटर लावा

सोलर मॉड्यूलच्या कारखान्यात मी तीन वर्षं ईएल टेस्टला होतो. पॅनेलमधून करंट सोडायचा, अंधाऱ्या खोक्यात फोटो काढायचा आणि कुठल्या सेलला तडा गेलाय ते पडद्यावर शोधायचं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तडा तिथे काळ्या रेघेसारखा उमटतो. पाळीला आम्ही चौघे होतो. मग तडे ओळखणारं सॉफ्टवेअर आलं आणि चौघांचं काम एकावर आलं. तो एक मी नव्हतो.

म्हणून एखादं राज्य सोलरचा कारखाना आणतंय, हजारो नोकऱ्या येणार, असं ऐकलं की मी आधी विचारतो, कसल्या नोकऱ्या आणि किती वर्षं? (कडवटपणा नाही. बरं, थोडा आहे.)

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने एव्हरग्रीन सोलर या कंपनीला ४ कोटी डॉलरहून जास्त मदत दिली. डेव्हन्सला, जुन्या लष्करी तळाच्या जागेवर, २००८ मध्ये कारखाना सुरू झाला. जानेवारी २०११ मध्ये तो बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. ८०० जणांची नोकरी गेली. दोष सगळा चीनवर टाकला जातो, आणि चिनी स्पर्धा होतीच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागते. ही कंपनी वितळलेल्या सिलिकॉनमधून थेट पट्टी ओढायची, त्यामुळे वेफर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्या, कापताना वाया जाणारा भुसा वाचायचा. सिलिकॉन महाग होतं तोवर ही मोठीच बचत. २००८ नंतर सिलिकॉनचे भाव कोसळले आणि त्या बचतीला काही अर्थच राहिला नाही. म्हणजे राज्याने पैसे लावले कारखान्यावर, पण प्रत्यक्षात पैज लागली होती एका कच्च्या मालाच्या भावावर.

कारखाना नकोच असं नाही. शेजारी काच, फ्रेम, जंक्शन बॉक्स बनवणारे आले तर तो मूळ धरतो. नाहीतर सुट्टे भाग बाहेरून येतात, इथे फक्त जुळणी होते, आणि जुळणीच्या मशीन उचलून नेता येतात.

छप्पर मात्र उचलून नेता येत नाही. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या संस्थांच्या भारतातल्या अभ्यासानुसार एक मेगावॉट रूफटॉपला, म्हणजे छतावरच्या सोलरला, सुमारे २५ माणसांचं वर्षभराचं काम लागतं, जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पाला जेमतेम साडेतीन. छतावर चढलं की हे आपोआप कळतं. दर छताची सावली वेगळी, टाकी वेगळ्या जागी, स्ट्रक्चर नव्याने मोजायचं, अर्थिंगला जागा शोधायची. मोठ्या प्रकल्पात एकदा उभारणी झाली की उरतं गवत, धूळ आणि राखण.

पण ही कामं एका नियमावर लटकलेली असतात. अमेरिकेतल्याच नेवाडा राज्यात डिसेंबर २०१५ मध्ये वीज नियामकांनी रूफटॉपवाल्यांचा स्थिर आकार वाढवला आणि ग्रिडला दिलेल्या विजेचा दर कमी केला, तोही आधीच पॅनेल लावून बसलेल्यांनासुद्धा! काही आठवड्यांत छतावर पॅनेल बसवणाऱ्या सोलरसिटी कंपनीने तिथल्या साडेपाचशेहून जास्त लोकांना काढलं. जून २०१७ मध्ये राज्याने नवा कायदा केला. त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कलम म्हणजे ग्राहकाला ज्या दराने जोडणी मिळाली, तो हिशेब २० वर्षं बदलायचा नाही. पॅनेलसाठी कर्ज देणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

आता मी रूफटॉपचंच काम करतो. मागे आमच्या अकरा सिस्टिम पूर्ण होऊन नेट मीटरसाठी, म्हणजे ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरसाठी, चार महिने पडून होत्या. मीटर नाही तर ग्राहक शेवटचा हप्ता देत नाही, हप्ता नाही तर पगार नाही. दोन चांगले वायरमन एसी दुरुस्तीकडे निघून गेले. मीटर आले तेव्हा कुठली केबल कुठल्या स्ट्रिंगची (एका ओळीत जोडलेल्या पॅनेलची), हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. तारेतला करंट मोजणारं क्लॅम्प मीटर घेऊन मीच अकरा छतं पुन्हा चढलो.