सूज गेली, कळ राहिली

आज मैदानावर गेले, पण नुसती पोरींचा सराव बघायला. खो-खोत खांबाला वळताना पाय आत मुरगळला त्याला बरेच महिने झाले. सूज कधीच उतरली, पण जिना उतरताना घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली अजून कळ येते. फिजिओ म्हणतात, लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा) भरून येतं, तोल सांभाळायची सवय मात्र घोट्याला नव्याने लावावी लागते. म्हणून रोज एका पायावर उभी राहते. डोळे मिटले की घोटा नुसता थरथरतो. (खरंच फार अवघड आहे हे!) तुमचाही पाय मुरगळला असेल तर सूज गेली म्हणून लगेच खेळायला उतरू नका, प्लीज. आज पहिल्यांदाच भिंतीला हात न लावता जमलं. इतका आनंद झाला की आईला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. आता एका पायावर टाच उचलायचा व्यायाम सुरू करायचाय.