भाकऱ्या थापायला येता का?

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांपर्यंत गेली, धोक्याची पातळी 45, गावभाग मारुती चौक सगळं पाण्यात. आमच्याकडं पाणी नव्हतं म्हणून मी आणि काकू एका शाळेत पूरग्रस्तांसाठी जायचो, मी बिस्किटाचे पुडे वाटायचो. दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही हे घरातच बघत वाढलोय, त्यामुळं देणं मला जमतं असंच वाटायचं.

तिथं एक आज्जी रांगेत यायच्याच नाहीत. दोन दिवस पुडा नेऊन दिला, दोन्ही वेळा "असू दे, पोरांस्नी द्या". काकू आली, थोडा वेळ नुसती त्यांच्याकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आज्जी, माणसं कमी पडायल्यात, भाकऱ्या थापायला येता का?" आज्जी पदर खोचून उठल्याच. तासभर थापल्या, मग सगळ्यांबरोबर पोटभर जेवल्या.

पुढं ॲरिस्टॉटल वाचला तेव्हा हेच आठवलं. तो म्हणतो पैसे देणं कुणालाही जमतं, पण कुणाला, किती, कधी, कशासाठी आणि कसं द्यायचं हे सोपं नाही. चांगुलपणा काहींच्या अंगात जन्मापासून असतो, पण नजर नसेल तर धडधाकट आंधळा माणूस जसा जोरात आपटतो तसं होतं म्हणे. या नजरेला तो फ्रोनेसिस म्हणतो, मला आपला तारतम्य शब्द जवळचा वाटतो. आणि पोरवयात भूमिती येते पण हे येत नाही कारण ह्याला अनुभव लागतो, हे तर मला शंभर टक्के पटलं.

कारण 2021 च्या जुलैत परत पाणी आलं, एक मावशी भिंतीला टेकून बसलेल्या, ताट तसंच, आणि मी लगेच काकूचंच वाक्य म्हणलं. त्यांनी हात पुढं केले, थरथरत होते. "रात्रभर जनावरं हलवलीत बाळा, जरा पडू दे."

वाक्य काकूचं होतं, माझं बघणं त्यात काहीच नव्हतं, आणि घरातनं मिळालेलं देणं पण तोवर माझ्याकडं असंच उसनं होतं असं मला आता वाटतं.

घरी येऊन काकूला विचारलं, त्या आज्जींचं तुला कसं कळलं गं?

"हात बघितले नव्हतेस व्हय त्यांचे? सारखा पदराशी चाळा चाललेला. कामाचे हात, रिकामं बसवत नव्हतं त्यांना."

दोन दिवस मी त्याच हातात पुडा ठेवत होतो.