ना हरकत

कागद अर्ध्या पानाचा आहे. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, शिक्का उलटा बसलाय, आणि तो हातात पडायला मला 47 दिवस लागले. ‘सदर खेळाडूने अन्य क्लबकडून खेळण्यास आमची हरकत नाही.’ सदर खेळाडू म्हणजे आमची तेरा वर्षांची लेक. खेळ खो-खो.

आम्ही बडोद्यात चौथी पिढी. ज्या मंडळाबद्दल सांगतोय त्याच्या मैदानावर मी स्वतः खेळलोय, माझे वडील खेळलेत. वडिलांचं ठरलेलं वाक्य आहे: “1924 साली खो-खोच्या नियमांचं पुस्तक छापलं ते बडोद्याच्या जिमखान्याने. पुण्यामुंबईच्या लोकांनी आम्हाला शिकवू नये.” पुण्यात डेक्कन जिमखान्याने नियम त्याच्या दहा वर्षं आधी बसवले होते, हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. तर अशा घरातली मुलगी. सातव्या वर्षापासून संध्याकाळी साडेपाचला मैदानावर. फी महिन्याला 150 रुपये, तीही कुणाकडे नसली तर सर मागायचे नाहीत.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुलींची फायनल मंडळाच्या खोलीत सगळ्यांनी मिळून पाहिली. भारताने नेपाळला 78–40 असं हरवलं, मुलींनी छप्पर डोक्यावर घेतलं. घरी येताना स्कूटरवर मागून लेक म्हणाली, “बाबा, आपण मॅटवर कधी खेळणार?” मी म्हटलं, बघू.

प्रश्न खरा होता. आता वरच्या पातळीवरचे सामने मॅटवर होतात, आणि आमची पोरं मातीत, अनवाणी शिकलेली. मातीत वेगात वळायचं तर टाच थोडी घसरू द्यायची असते, मातीच ब्रेक लावते. मॅटवर बूट घालून तेच केलं की बूट जागच्या जागी चिकटतो आणि गुडघा पुढे जातो. लेक चांगली रनर. मातीत साखळी खेळत, म्हणजे बसलेल्या पोरींमधून नागमोडी पळत, चेसरला हूल देत, तीन-तीन मिनिटं सहज काढणारी. त्या वर्षीच्या निवड चाचणीत मॅटवर ती चाळीस सेकंदांत बाद झाली. खांबापाशी वळताना पाय अडकला आणि मागच्या पोरीने सूर मारून तिची पाठ गाठली. रडली नाही. घरी येऊन बूट कोपऱ्यात फेकले आणि जेवली नाही.

विश्वामित्री नदीच्या पलीकडे एका क्लबकडे मॅट आहे. आठवड्यातून चार दिवस सराव, महिन्याला 900 रुपये. सरांना मी मॅटचं विचारलं होतं. ते म्हणाले, पैसे उभे केले तरी अंथरायची कुठे? आमचं मैदान उघडं, पावसाळ्यात चिखल. त्यांचं काही चुकत नव्हतं.

इथे मी पहिली चूक केली, आणि बाकीचं रामायण त्यातूनच घडलं. सरांना न सांगता लेकीला दोन रविवार पलीकडे पाठवलं, ‘बघून तर येऊ’ म्हणून. विचारलं तर सांगायचं, मामाकडे साखरपुडा आहे. तेरा वर्षांच्या मुलीला मी खोटं बोलायला शिकवलं, तेही अशा माणसाशी, जो तिच्या गुडघ्याला हळद लावत आला होता. तिसऱ्या रविवारी आमच्याच एका पालकाने तिला तिथे पाहिलं. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडलेल्या तीन इमोजी आणि “काही लोकांना मैदान म्हणजे बसस्टॉप वाटतो” असा मेसेज. नाव कुणाचं नव्हतं. गरजही नव्हती.

मग मी सरांकडे गेलो. आधीच जायला हवं होतं. पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेलो होतो. इतका बावळट कसा झालो कोण जाणे. सर चुना चाळत बसले होते. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “चेसिंगला नऊ पोरी लागतात. त्यांना पळवणारी चांगली रनर नसेल तर त्या नऊजणी शिकणार कुणाच्या मागे? तू एक पोरगी नेतोयस असं तुला वाटतंय.”

हे मला अजून पटतं, आणि म्हणूनच ते टोचलं. दीडशे रुपयांत चालणारं मंडळ चालतं ते मोठ्या पोरी धाकट्यांना शिकवतात म्हणून. लेकही अशीच शिकली, एका कॉलेजातल्या ताईच्या मागे धावून. ती ताई आधीच्या कुणाच्या तरी मागे धावून. आता हिची वेळ आली तेव्हा आम्ही दोर कापतोय.

पण रात्री घरी बायको म्हणाली ते मला सुचलं नव्हतं. “मागच्या वर्षी टीम निवडताना त्या लांब वेणीच्या पोरीला बसवलं ना? पाच वर्षं रोज येत होती ती. तेव्हा कुणी निष्ठा मोजली? वेग बघितला.” खरं होतं. मंडळ खेळाडू निवडतं ते घड्याळ बघून, आणि त्यात गैर काही नाही. फक्त तोच हिशेब आम्ही केला की त्याला गद्दारी म्हणायचं, एवढंच मला जड जात होतं.

पत्र कमिटी देणार होती. कमिटीची बैठक तीनदा पुढे गेली: एकदा अध्यक्ष सुरतला, एकदा कुणाचं बारावं, एकदा उगाच. मधल्या काळात लेक कुठेच जात नव्हती. जुन्या मैदानावर जायला लाज, नव्या क्लबचं म्हणणं पत्राशिवाय नोंदणी नाही. गच्चीवर एकटी वळणं घ्यायची. खालचे भाडेकरू वर येऊन विचारून गेले, काही दुरुस्ती चाललीय का.

शेवटी बैठक झाली. पाचजण, मंडळाच्याच खोलीत, समोर सेव-उसळ. मागण्या अशा: मार्चपर्यंतची फी, दोन्ही टी-शर्ट परत, आणि ‘सहा वर्षांचा प्रशिक्षण खर्च’. शेवटची मागणी कोषाध्यक्षांची. मी त्यांना विचारलं, पावती कशाची फाडाल? ते जरा गडबडले. मग एका जुन्या सभासदाने, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो, तो विषय काढला ज्याची मला भीती होती.

“पुरात कोण आलं होतं रे तुझ्या घरी?”

ऑगस्ट 2024. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. आमचा तळमजला छातीपर्यंत बुडाला. शेजारच्या गल्लीत मगर दिसली म्हणून दोन दिवस कुणी खाली उतरलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर मंडळाची अकरा पोरं फावडी घेऊन आली. गाळ काढला, फ्रिज उचलून बाहेर ठेवला, आईच्या देव्हाऱ्यातले टाक धुऊन दिले. चहासुद्धा घेतला नाही, कारण चहा करायला घरात कोरडं काही नव्हतं. काकांचा मुलगा त्यात होता.

मी गप्प बसलो. बायको उत्तर देईल असं मला वाटलं नव्हतं, ती बैठकीला फक्त सोबत आली होती. ती शांतपणे म्हणाली, “काका, ते उपकार आमच्यावर आहेत. आम्ही फेडू, जन्मभर फेडू. पण त्याला लेक तारण नव्हती ठेवली.”

खोलीत कुणी बोललं नाही. अध्यक्ष गुजराती, ते म्हणाले, “चालो, एवुं ना कराय. छोकरी छे.” आणि प्रशिक्षण खर्चाचा मुद्दा इतिवृत्तात न घेता गळला. मार्चपर्यंतची फी मी तिथेच भरली. ती मला मान्यच होती. हंगाम अर्ध्यात सोडत होतो आम्ही. पुन्हा करायचं झालं तर मार्चपर्यंत थांबेन, तेवढं तरी देणं लागतं. सर सगळा वेळ दाराशी उभे होते, एक शब्द बोलले नाहीत.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. शालेय स्पर्धांना क्लबचा संबंध नसतो, तिथे मूल शाळेकडून खेळतं. आमच्या लेकीला पत्र लागलं ते संघटनेच्या क्लब स्पर्धांसाठीच. म्हणजे त्या 47 दिवसांत ती शाळेच्या टीममध्ये आरामात सराव करू शकली असती. मला हे तिच्या पीटीच्या बाईंनी सांगितलं, चाळिसाव्या दिवशी. आधी शाळेत विचारा. अर्ज लेखी द्या, तारीख टाका, पोच घ्या. तोंडी विनंतीला ‘कमिटी बसेल’ हेच उत्तर मिळतं. आणि मुलाला साखरपुड्याच्या गोष्टी सांगायला लावू नका.

सगळ्यात अवघड भाग कागदात कुठेच नव्हता. खो-खोत रनर तिघातिघांच्या तुकडीने उतरतात. लेकीची तुकडी चार वर्षं तीच होती: ही आणि दोघी मैत्रिणी, एक पाणीगेटची, एक आमच्याच गल्लीतली. कुणी आधी पळायचं, कुणी दमली की चेसरला आपल्याकडे ओढून घ्यायचं, हे त्यांचं नजरेवर चालायचं. गल्लीतली बोलायची थांबली. तिच्या आईने भाजीवाल्यापाशी मला सांगितलं, “भांडण नाहीये हो. ती म्हणते, तिसरी म्हणून कोणीतरी मिळेल, पण मी दमलेय हे त्या पोरीला कळणार कसं?” मी कोथिंबीर घेऊन घरी आलो आणि हे लेकीला सांगितलं नाही.

वडील महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. मी शनिवारी पहाटे मैदानावर रेषा आखायला जातो, तो नेम मोडला नाही. पहिल्या शनिवारी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या शनिवारी सरांनी चुन्याची बादली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “मधल्या पाटीची रेषा वाकडी आली होती मागच्या वेळी.” त्यानंतर आमचं नेहमीसारखं आहे, म्हणजे फारसं बोलणं नाही.

नव्या क्लबकडून लेक पहिला सामना खेळली तो नेमका जुन्या मंडळाशी. तिच्या सगळ्या हुली त्या पोरींना पाठ. ती कुठल्या पायावर वळते हे त्यांनी तिच्याच मागे धावून शिकलेलं. एक मिनिट वीस सेकंद. गल्लीतल्या मैत्रिणीने खांबावरून सूर मारून तिला बाद केलं आणि पडल्या पडल्या हात पुढे केला. लेकीने तो धरून तिला उभं केलं. दोघी बोलल्या का, ते इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही.

टी-शर्टचं अजून बाकी आहे. एक धुऊन, इस्त्री करून परत दिला. दुसरा, पाठीवर सात नंबर असलेला, सापडत नाही असं लेक म्हणते. कोषाध्यक्षांचे दोन फोन येऊन गेले. मी त्यांना टी-शर्टचे 350 रुपये भरून टाकले आणि पावती घेतली. तिचं कपाट उघडून पाहिलं नाही.