व्याख्या विचारणं सोडलं तेव्हा कळायला लागलं

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांसाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. प्रोग्रामर घ्यायचा तर मुलाखत माझ्याच गळ्यात. पूर्वी मीही 'पॉलिमॉर्फिझम म्हणजे काय' असल्या पुस्तकी व्याख्याच विचारायचो. उत्तरं घडाघडा यायची. व्हायवासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, पाठच असतात ती.

आता ६० मिनिटांतली ४० एकाच बिघडलेल्या प्रोग्रामला देतो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं २० ओळींचं फंक्शन (एक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा), बिलात एकेक नग जोडणारं. नगांची यादी त्याला बाहेरून द्यायची; नाही दिली तर वापरायची डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट ठरवलेली. पहिलं बिल बरोबर निघतं, दुसऱ्यात मात्र आधीच्या गिऱ्हाइकाच्या चादरी घुसतात. कारण ती डिफॉल्ट लिस्ट फंक्शन तयार होताना एकदाच बनते आणि पुढच्या प्रत्येक कॉलला तीच वापरली जाते. नवी लिस्ट फंक्शनच्या आत बनवली की झालं.

उपाय आधीच माहीत असला तर ठीक, पण मी बघतो ते वेगळंच. उमेदवार लागोपाठ दोन बिलं काढून बघतो का? मध्येच यादी दाखवणारी प्रिंटची ओळ कुठे टाकतो? बरेच जण थेट बेरजेच्या ओळीला हात घालतात, प्रोग्राम पुन्हा चालवतात, बिल बरोबर येतं आणि 'झालं सर' म्हणतात. बरोबर येणारच, प्रोग्राम नव्याने सुरू झाला की लिस्ट पुन्हा रिकामी असते!

एसक्यूएलचा (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेचा) एकच प्रश्न: या महिन्यात ऑर्डर न दिलेली गिऱ्हाइकं काढा. 'नॉट इन' (यादीत नसलेले) लिहिलं आणि आतल्या, म्हणजे ऑर्डर दिलेल्यांच्या, यादीत एक जरी 'नल' (रिकामी नोंद) असला, तर एकही ओळ येत नाही. नलशी तुलना खरीही ठरत नाही, खोटीही नाही. 'नॉट एक्झिस्ट्स' (ज्याची ऑर्डरच नाही) वापरलं की सुटतं.

दहा मिनिटं गाडी अडली तर इशारा देतो, पण सगळ्यांना तोच आणि त्याच शब्दांत, नाहीतर तुलना कशाची करणार? आम्ही दोघं मुलाखत घेतो. आपापलं मत कागदावर उतरवेपर्यंत एकमेकांशी बोलत नाही. भाषा मोकळी ठेवतो. इथे बऱ्याच घरांत तेलुगू किंवा कन्नड, इंग्रजीत अडखळणारी पोरं मराठीत लॉजिक झकास सांगतात.

सोलापूर लहान गाव, प्रश्न फुटतोच. म्हणून दर खेपेला लिस्टच्या जागी डिक्शनरी (नाव आणि त्यापुढे किंमत अशा जोड्या), बिलाच्या जागी गोदामाचा स्टॉक असं काहीतरी बदलतो.